गुरुवारची गोळी

अर्धी गुलाबी, अर्धी पाण्यासारखी... आणि त्या पाण्यासारख्या अर्ध्या भागातून आतले पांढरे दाणे दिसत होते, मांदेलीच्या गाबोळीतल्या अंड्यांइतके बारीक. कृष्णाबाईने ती कॅप्सूल तळहातावर इकडून तिकडे लोळवली. हात ओला होता — तिचा हात कोरडा असतो कधी? — त्यामुळे कॅप्सूलची साल किंचित पाघळून तळव्याला चिकटली. तिने ती नखाने सोडवली, नाकाशी नेली, हुंगली. तोच वास. घोळ माशाच्या पोटातली पिशवी उन्हात वाळत घातली की तिसऱ्या दिवशी जो वास सुटतो — बोत म्हणतात त्या पिशवीला, व्यापारी घरी येऊन घेऊन जातात, पुढे कशाकशात घालतात ते त्यांनाच ठाऊक — अगदी तोच, फक्त फार लांबून आल्यासारखा. डॉक्टरला हा वास आला नाही. मुलाला, कल्पेशला, आला नाही. आणि जिच्या पोटात ही रोज जाते तिला, त्या शिकलेल्या सुनेला, तर नाहीच नाही. चाळीस वर्षं मच्छीबाजारात बसलेलं नाक घरात होतं म्हणून बरं, नाहीतर सगळ्यांचे उपास बाटले असते आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

आज गुरुवार होता, मार्गशीर्षातला तिसरा. तिने कॅप्सूल पुन्हा बटव्यात टाकली, नाडी ओढली आणि बटवा कमरेला खोचला.

रिया मोरीच्या कठड्याला टेकून उभी होती. रोज सकाळी चहा-भाकरी झाली की सुनेने सासूपुढे हात करायचा, सासूने त्यावर गोळी ठेवायची, आणि गिळून झाली की तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. गोळ्या घरातल्या मोठ्या माणसाकडे असू द्या एवढंच डॉक्टर म्हणाला होता, जीभ कृष्णाबाईने स्वतःच्या पदरची घातलेली होती. मासळीचे कल्ले उचकटून बघितल्याशिवाय ती देवाचं नाव घेऊन दिलेला मासाही घेत नसे, मग माणसाचं तोंड कशाला सोडील?

"आई, गोळी?"

"आज उपास हाय."

"हो," रिया म्हणाली, आणि हात मागे घेतला. मग जरा थांबून, भिंतीकडे बघत, "डोक्यात आतापासूनच करंट आल्यासारखं होतंय."

"लक्ष्मीचं नाव घे. संध्याकाळी काहानी वाचायची हाय तुला."

"हो."

पुन्हा हो. असं हो म्हणणाऱ्या माणसाचं करायचं तरी काय? भांडायला समोर काही असावं लागतं, पाण्यावर काठी मारून पाणी दुभंगतं का? रिया... नाव उच्चारलं तर तोंडात काही उरत नाही. कृष्णाबाई, दमयंती — अशी नावं कशी मुठीत धरता येतात, हाक मारली की माणसाने वळलंच पाहिजे. आणि हे? नुसती हवा. कामोठ्याची मुलगी, क्लासमध्ये पाचवी-सहावीच्या पोरांना गणित शिकवायची, लग्नानंतरही दीड वर्ष रिक्षाने जात-येत होती, आणि ऑगस्टात एकाएकी बसली. बसली म्हणजे बसलीच. केस विंचरेना, क्लासला जाईना, भात खाली लागून घरभर धूर झाला तरी ओट्यापाशी उभी. हलवून विचारलं तर एकच वाक्य — आई, उठवत नाही.

उठवत नाही म्हणजे काय? या एका वाक्यावर कृष्णाबाईने ऑगस्टापासून जितकं थुंकून घेतलं तितकं ती उभ्या आयुष्यात तंबाखूवरही थुंकली नसेल. नवरा मारत नाही, पीत नाही, बंदरात क्रेनवर कायमची नोकरी. नवीन पनवेलात चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, नळाला पाणी. सासू सकाळी सातला बाहेर पडते ती दुपार कलल्यावर उगवते. मग दुखणं कुठल्या वाटेने आत आलं? कारण विचारलं तर कारण नाही. कारण नाही हेच तर कृष्णाबाईला सोसत नव्हतं. ताप असेल तर हात लावून कळतो, जखम असेल तर दिसते, आणि हे म्हणजे... खायला काळ आणि भुईला भार. असं ती तिच्या तोंडावर बोलली होती. तेव्हाही रिया हो म्हणाली.

मग एका पहाटे ती गॅलरीच्या कठड्याला धरून उभी सापडली. कधीपासून उभी होती ते तिला सांगता येईना. पाय गार पडले होते. कल्पेश घाबरला — पुरुष घाबरायला किती तयार असतात — आणि तिला पनवेलातल्या त्या डॉक्टरकडे घेऊन गेला, बरोबर आईलाही. डॉक्टरच्या टेबलावर काचेची पेटी, पेटीत दोन मासे. जिवंत. खायचे नाहीत, विकायचे नाहीत, नुसते बघायचे! त्या माशांकडे बघूनच कृष्णाबाईने डॉक्टरचं माप काढलं, आणि पुढे तो जे जे बोलला ते तिने गिऱ्हाइकाची घासाघीस ऐकावी तसं अर्ध्या कानाने ऐकलं. हा आजार आहे, हट्ट नाही. गोळी रोज, एका वेळेला, खाऊन झाल्यावर. लगेच गुण येणार नाही, तीन-चार आठवडे धीर धरा. आधी मळमळेल, तोंडाला कोरड पडेल, झोप मागेपुढे होईल. सुरुवातीला तिच्याकडे नीट लक्ष ठेवा, एकटीला फार वेळ सोडू नका. आणि बरं वाटलं तरी आपल्या मनाने थांबवायची नाही... बोलत होता, बोलत होता. बोलायचेच पैसे घेतो तो.

आणि पाचव्या आठवड्यात रिया स्वयंपाकघरात गुणगुणली.

कृष्णाबाई तेव्हा दारात चपला काढत होती. एक चप्पल पायात, एक हातात. आत कुकरची शिट्टी, आणि शिट्टीच्या मागे ते गुणगुणणं, कसलं गाणं ते कळलंसुद्धा नाही. तिला बरं वाटायला हवं होतं. शेजारच्या दमयंतीला तर ते ऐकून डोळ्यांत पाणीच आलं, बँकेतल्या कारकुनाची बायको ती, तिच्या डोळ्यांत मालिका बघतानाही येतं. पण कृष्णाबाईला ते गुणगुणणं सोसलं नाही. एवढ्याशा दाण्यांनी? गाबोळीएवढ्या दाण्यांनी जर माणूस उठून गाणी म्हणायला लागत असेल, तर मग... मग काय, ते तिने पुढे जाऊ दिलं नाही. चप्पल दाणकन खाली टाकली आणि कुकरची शिट्टी जास्त झाली म्हणून आत ओरडली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बटव्यात पाणी शिरलं. कॅप्सूल चिकट झाली, तिने ती हुंगली, आणि सापडलं! मार्केटाच्या तोंडाशी औषधाचं दुकान आहे, तिथल्या प्रितेशला तिने खोदून विचारलं. तो हसला, म्हणाला, "हो मावशी, वरचं कवच जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात. तुम्हाला कसं कळलं?" कसं कळलं म्हणे. त्या दिवशी ती बाजारात ताठ मानेने बसली. डॉक्टरची सगळी विद्या एका बाजूला आणि आपलं नाक एका बाजूला. तेव्हापासून गुरुवारी नाही, सोमवारी नाही, मध्ये एक संकष्टी आली तेव्हाही नाही. आपण स्वतः उपासाच्या दिवशी मच्छीत बसतो ते निराळं, त्यात हात बाटतात, तोंड बाटत नाही. आणि नुकसान कुणाचं होऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गोळ्या एकदम. उपास सोडताना घास मोठाच घेतात.

मार्केटात आठ वाजताच कळलं की आजचा दिवस फुकट. करंजा बंदराहून टेम्पो आला होता तोच अर्धा रिकामा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मच्छी घ्यायला कोण येतं? येतात, चोरून येतात, काळ्या पिशवीत आणखी एक काळी पिशवी घालून. साहेब लोक, बायको घरी कलश मांडून बसलेली, आणि हे सुरमईच्या तुकड्याकडे असे बघतात की जणू कुणी दुसऱ्यानेच पाठवलंय. कृष्णाबाई अशांना मुद्दाम मोठ्याने भाव सांगते. थर्माकोलच्या खोक्यातला बर्फ तिने हाताने सारखा केला, बोंबील ओळीने मांडले, आणि त्या ओळीकडे बघता बघता तिला मागचा गुरुवार आठवला.

मागच्या गुरुवारी रिया कहाणी वाचत होती. "भद्रश्रवा नावाचा राजा..." इथपर्यंत नीट, आणि मग एकच ओळ दोनदा, तीनदा. अक्षरं हलतात म्हणाली. मान वळवली की डोक्यात झटका बसतो, विजेच्या बटणाला ओला हात लागल्यावर बसतो तसा. मग पुस्तक मिटून रडायला लागली, देवीसमोर, सवाष्णींसमोर. दमयंती कानाशी येऊन कुजबुजली, अंगात येतंय वाटतं. अंगात! येणारी अशी येते होय? आमच्या करंज्यात ज्यांच्या अंगात येतं त्या बाया चौघांना आवरत नाहीत, आणि ही एका जागी बसून नाक ओढतेय. कृष्णाबाईने स्वतःच कशीबशी आठवेल तशी कहाणी पुरी केली. आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवारी रिया सकाळीच ओकली, घामाने भिजली, हात थरथरत होते. तेव्हा मात्र कृष्णाबाईच्या मनात भलतीच पालवी फुटली, दमयंतीला तर तिने सांगूनही टाकलं की आमच्याकडे बहुतेक गोड बातमी. कसली बातमी नि कसलं काय. चार दिवसांनी पाळी आली आणि कपाळाला हात. साधा उपास झेपत नाही, साधं बाळ राहत नाही — आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्याच्या आधीचा गुरुवार... तेव्हाही चक्करच. आणि सोमवारी? सोमवारी कल्पेशशी भांडली होती, ताट ढकललं होतं, जी कधी आवाज चढवत नाही ती. कृष्णाबाईने बोंबलाची एक ओळ पुन्हा मोडली, पुन्हा लावली. उपास सोसत नाही, दुसरं काही नाही. आजकालच्या पोरींच्या अंगात रक्त आहे कुठे? पण आज संध्याकाळी पुन्हा सवाष्णी यायच्या, पुन्हा शोभा. निदान चक्कर थांबायची एखादी गोळी घेऊन जावी. तिने शेजारच्या जनीला पाटीवर लक्ष ठेवायला सांगितलं, हात धुतले, पदराला पुसले आणि दुकानात गेली.

"चक्करची गोळी दे, पोरा."

प्रितेशने हात पुढे नेला, मग थांबवला. "कुणाला? सूनबाईंना? त्यांना ती दुसरी चालू आहे ना, मग डॉक्टरला विचारल्याशिवाय मी काही देणार नाही. चक्कर कधीपासून येते?"

"उपासाला येते. गुरवारी, सोमवारी."

"रोजची गोळी तर चुकत नाही ना?"

"चुकत नाय. उपासाला देत नाय मी. तूच तर बोललास हाडाची हाय." तिने ते जरा अभिमानानेच सांगितलं. "दुसऱ्या दिवशी दोन देते."

प्रितेशने हातातलं पाकीट खाली ठेवलं. तो कल्पेशपेक्षाही लहान असेल, खिशाला पेन, ओठांवर नुकती मिशी, आणि तो तिच्याकडे अशा नजरेने बघत होता की ती नजर तिला ओळखीची वाटली. काल सांगितलेला भाव आज विसरणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ती स्वतः जशी बघते तशी.

"मावशी, चक्कर उपासाची नाही, गोळीची आहे," तो म्हणाला. "म्हणजे गोळी नसण्याची. ही गोळी एक दिवस चुकली तरी डोक्यात झटके बसतात, मळमळतं, रडू येतं, चिडचिड होते. आणि दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या की उलटी, घाम, धडधड. दोन कधीच द्यायच्या नाहीत. आजची आत्ता जाऊन द्या, काहीतरी खायला घालून. उद्याची उद्याच्या वेळेला, एकच. आणि सारखी अशी चुकवलीत ना, तर मूळ दुखणं उलटतं."

"उलटतं म्हंजे?"

"म्हणजे पहिल्यासारखं होऊ शकतं. बंद करायची झाली तरी डॉक्टर हळूहळू कमी करून करतात. एकदम नाही. त्यांना आज फोन करून सगळं सांगा, लपवू नका. मी तेव्हा हसलो ते चुकलंच माझं. उपासाला चालेल अशी दुसरी मिळते का तेही त्यांनाच विचारा. मला विचारायचं होतंत तेव्हा, नुसतं कशाची आहे एवढंच विचारलंत."

तिला काहीतरी फाडकन बोलायचं होतं. काल शेंबूड पुसायला शिकलेलं पोर... ती परत येऊन पाटीमागे बसली. समोर खोकं होतं, खोक्यात बर्फ. चाळीस वर्षं ती नव्या पोरींना एकच गोष्ट शिकवत आली होती — बर्फ एक दिवस भरपूर आणि एक दिवस नाही असं करू नका, त्यापेक्षा थोडा घाला पण रोज घाला. एकदा मऊ पडलेला मासा दुसऱ्या दिवशी दुप्पट बर्फात गाडलात तरी घट्ट होत नाही. हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. हे तिला येत होतं. येत असून...

पहिल्यासारखं. गॅलरी. चौथा मजला. आणि आज सकाळपासून पोरगी एकटी.

तिने बटव्यातून मोबाइल काढला, कल्पेशने हिरव्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिलेला. रिंग गेली. जातच राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. कल्पेशला लावण्यात अर्थ नव्हता, क्रेनवर चढताना त्यांचे फोन खाली काढून ठेवतात. फोन कानाशी धरून तिने स्वतःशीच पुटपुटत शिव्या द्यायला सुरुवात केली — झोपली असेल, लोळत असेल, राणी ती, फोन उचलायला हात दुखतात तिचे — आणि शिव्या देता देताच ती उठली. जनीला म्हणाली, बघ ग माझी पाटी, विक नायतर मांजराला घाल. कृष्णाबाईने कधी पाटी टाकली नव्हती.

रिक्षा पुलावर चढेपर्यंत ती शिव्या देत होती. रियाला दिल्या, डॉक्टरच्या माशांना दिल्या, चाकाला कुलूप लावल्यासारखी रिक्षा हळू चालवणाऱ्याला दिल्या. मग पुलाच्या माथ्यावर गर्दीत रिक्षा थांबली, आणि शिव्या संपल्या. अशा संपायच्या नसतात त्या. त्यांच्यावर तर ती जगली होती.

कारण... माझा कल्पेश दोन वर्षांचा होता तेव्हा. करंज्यात. तेव्हाही कारण नव्हतं. नवरा दर्यावर, होडी नीट, घरात तांदूळ. आणि एक दिवस सकाळी डोळे उघडले तर छपराकडे बघत राहिले, नुसती बघत राहिले. पाटीतली मासळी माझ्याकडे बघायची आणि मला वाटायचं हीच बरी, हिचं झालं एकदाचं. कुणाला सांगितलं नाही. सासूला, मालूबाईला, संशय आला तेव्हा तिने चुलीत मिरच्या टाकून धूर केला, त्या धुरात कोंडून बसवलं, बाहेरून कडी. तेवढाच तो एक औषधोपचार. मग मी माझा उपाय काढला. रोज पहाटे डोळे उघडले की स्वतःला शिवी घालायची — उठ ग रांडे, नाटकं पुरे. एका शिवीने उठवलं नाही तर दुसरी. दुसरीने नाही तर त्याहून घाण. अकरा महिने मी माझ्याच तोंडाने माझा चिंध्या-चिंध्या केलेला जीव गोळा करून बाजारात नेला, विकायला बसवला, परत आणला. आणि मग एक दिवस ते गेलं. जसं आलं तसं गेलं. शिव्या तेवढ्या राहिल्या, इतरांसाठी.

अकरा महिने, आणि ही पोरगी पाच आठवड्यांत गुणगुणते. एका गोळीवर. त्या दिवशी चप्पल हातात धरून तिला सोसलं नव्हतं ते हे होतं, आणि ते तिने पुढे जाऊ दिलं नव्हतं. गुरुवार, सोमवार, संकष्टी... देवाचं नाव पुढे केलं, पण आत काय होतं? हाडाचा वास होता की दुसराच कसला? रिक्षावाल्याने विचारलं, मावशी, सेक्टर कुठला, तेव्हा तिला दोनदा सांगावं लागलं.

चार मजले ती न थांबता चढली. दार लोटलेलंच होतं, कडी घालायची नाही असा तिनेच नियम केलेला. गॅलरी आधी बघितली. कठड्यावर कल्पेशची लुंगी वाळत होती, बाकी कुणी नव्हतं. तिने कठड्यावरून खाली बघितलं, बघायचं नव्हतं तरी बघितलं. खाली दमयंतीच्या नवऱ्याची स्कूटर आणि सावलीत एक कुत्रं.

रिया देवाच्या चौरंगाजवळ लादीवर उताणी पडली होती. डोळे मिटलेले. शेजारी कलश घासून ठेवलेला, पाच झाडांच्या डहाळ्या पाण्यात घातलेल्या, पाट पुसलेला. छाती वरखाली होत होती. कृष्णाबाई दारातच भिंत धरून खाली बसली, आणि बसल्यावर मग तिला श्वास लागला.

"फोन का उचलत नाय?"

"वाजला की डोक्यातून सणक जाते," डोळे न उघडता रिया म्हणाली. "उशीखाली ठेवलाय. मान हलवली नाही तर बरं वाटतं. संध्याकाळपर्यंत उठेन मी. वाचेन."

कृष्णाबाई उठली. डब्यात सकाळची भाकरी होती, ती दुधात कुस्करली आणि वाटी तिच्या हाताशी ठेवली. मग तिच्याशेजारी लादीवर बसून बटव्यातून कॅप्सूल काढली. ती पुन्हा चिकट झाली होती, म्हणून पुसली, मग टाकूनच दिली, आणि पाकिटातली कोरडी दुसरी फोडली.

"खा. आन मग ही घे."

रियाने डोळे उघडले. "आज गुरुवार आहे."

"ठाव हाय मला. उद्या एकच द्यायची. दुकानातला पोर बोलला, हे समदं तुला गोळी चुकली म्हनून व्हतं."

"माहीत आहे," रिया म्हणाली. कोपरावर उठून ती हळूहळू भाकरी खात होती, मान न हलवता. "पाकिटातल्या कागदावर लिहिलंय सगळं. मी पहिल्याच दिवशी वाचलं."

"मंग बोलली का नाय?"

रियाने वाटी खाली ठेवली. "तुम्हाला नाही म्हणता आलं असतं, तर मी आजारी कशाला पडले असते?" मग लगेच, घाईने, "तुमच्यामुळे असं नाही म्हणत मी. कोणालाच म्हणता येत नाही. डॉक्टर म्हणतात ते पण शिकायचंय, हळूहळू. तुमचा उपास मोडायला नको म्हणून..."

तिने गोळी घेतली, पाणी प्यायली, आणि सवयीने तोंड उघडलं, जीभ वर केली. कृष्णाबाईने मान फिरवली.

आता हिला काय म्हणायचं? शिवी शोधायला ती मनात उतरली, तिथे इतक्या वर्षांची रास पडलेली असायची, हात घालावा आणि हवी ती उचलावी. भ्याड म्हणावं? तीन आठवडे डोक्यात विजेचे झटके सोसले आणि वर कलश घासून ठेवला. माजोरी म्हणावं? हवा म्हणावं? प्रत्येक शब्द उचलला की हातातच मऊ पडत होता. आणि एक शब्द होता, जळकी, तो रियाला लागूच पडत नव्हता, तो फिरून फिरून उचलणारीलाच लागत होता. तो तिने परत खाली ठेवला, पण कुठे ठेवला ते तिला आता माहीत होतं.

वाटी बाजूला सारत तिने विचारलं, "काय व्हतं ग, या गोळीनं?"

रिया विचार करायला लागली, गणित सोडवावं तशी कपाळाला बारीक आठी घालून. "काही होत नाही," ती म्हणाली. "आनंद वगैरे नाही. आधी सकाळी जाग आली की पहिलं कळायचं, हा अख्खा दिवस काढायचाय. आता कळतं, चहा ठेवायचाय. एवढंच."

एवढंच. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. चौरंगाच्या पायाशी ऊन येऊन थांबलं होतं. कृष्णाबाईने हिशेब केला नाही, पण ते करंज्यातलं छप्पर तिला दिसलं, एकेक वासा, दोन वाशांमधली कोळिष्टकं, सगळं जसंच्या तसं, आणि त्याच्याखाली पडलेली एक बाई, तिशीसुद्धा न गाठलेली, जिला तिने अकरा महिने रोज सकाळी शिव्या घातल्या होत्या. बाई ऐकत होती. हो म्हणत होती. तिच्याही तोंडात तेव्हा एक वाक्य होतं, ते तिने कुणालाच म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी ऐकायला कोण होतं?

डॉक्टरला फोन करायचा होता. गोळ्यांना कोरडा डबा शोधायचा होता. सवाष्णी सहाला यायच्या, त्यांना कहाणी कोण वाचणार ते ठरायचं होतं, आणि गोळ्या पुढे कुणाच्या हातात ठेवायच्या तेही. पाटी तशीच मार्केटात पडली होती. रिया भिंतीला धरून उभी राहिली, क्षणभर डोळे मिटून थांबली, मग एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं.

"चहा ठेवते आई. तुम्ही पण उठा ना, लादी गार आहे. पाय धरतील."

कृष्णाबाईने उठायला हात जमिनीला टेकला. नेहमीसारखी जिभेवर शिवी आणायला गेली, स्वतःसाठीची, पहाटेची, जुनी. ती आली नाही. हात टेकलेला तसाच राहिला.

"उठवत नाय ग," ती म्हणाली, आणि हे किती साधं वाक्य आहे याचंच तिला नवल वाटलं.